जानराव, सोडा

माझ्या धाकट्या बहिणीला घर आहे, पण घराला पत्ता नाही. ते घर शिडाच्या बोटीवर आहे आणि बोट या महिन्यात एका देशाच्या किनाऱ्याला, तर पुढच्या महिन्यात भलत्याच देशाच्या. ही गोष्ट मी मूल नावाच्या आमच्या गावात कित्येक वर्षं लोकांना समजावून सांगते आहे. मूलला समुद्र नाही. सगळ्यात जवळचा समुद्र कोणत्या दिशेला आहे, यावरही आमच्या गल्लीत एकमत नाही. त्यामुळे "मिनू कुठी राह्यते आता?" असं कोणी विचारलं की मी "बाहेरगावी" एवढंच सांगते आणि उरलेला दिवस संतापून काढते.

संतापायला कारण आहे. आम्ही ढिवर. आमचे बाबा जन्मभर तलावात डोंगा घालून मासे धरत. आई लवकर गेली, तेव्हा मिनूला मीच न्हाऊमाखू घातलं. बाबांनी आम्हा दोघींना एकच गोष्ट ओरडून ओरडून शिकवली, "शिका, आन् पान्याभायेर निंघा." मी निघाले. डी.एड. केलं, शाळेत लागले, राईस मिलमध्ये सुपरवायझर असलेला शांत नवरा केला, सिमेंटचं घर बांधलं. मिनूही निघाली. नर्सिंग शिकून गोव्याला दवाखान्यात लागली. तिथे पाय मोडलेला एक डच माणूस भरती झाला. त्याचं नाव यान, पण इंग्रजीत ते 'जान' असं दिसतं, म्हणून आमच्याकडे तो जानराव झाला. पाय बरा झाला आणि जानराव आमच्या मिनूला बोटीवर घेऊन गेला.

बाबा तेव्हा म्हणाले होते, "आपल्या सात पिढ्या डोंग्यातून उतरून घरात याले धडपडल्या, आन् हे पोट्टी घरातून उठून सरळ डोंग्यात जाऊन बसली."

(त्या डोंग्यात फ्रीज आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्याने ते जास्तच चिडले.)

मग बाबा गेले आणि मिनू आली नाही. फोन आला, पण तो सगळं आटोपल्यावर. त्या फोनवर मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे सणावाराला दोन वाक्यं, तीही माझ्या बाजूने फटकून.

अशात माझ्या मुलीचं, रेणूचं जमलं. मुलगा चामोर्शीचा, चांगल्या घरचा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या दारात करायचं ठरलं. मिनूचा फोन आला.

"ताई, आमी येऊन राह्यलो. बोट कोचीले बांधून ठेवली. सोबत आनखी दोघं हाये."

"कोन दोघं?"

"घरचेच."

मी विचार करकरून थकले. आमच्या घरचे सगळे तर मूलमध्येच होते. बल्लारशाच्या स्टेशनावर गाडीतून मिनू उतरली, जानराव उतरला, त्यांची मुलगी तारा उतरली, आणि त्यांच्या मागून घरचे उतरले. एक सत्तरीच्या पुढची न्यूझीलंडची बाई, मॅगी नावाची, जी म्हाताऱ्या वयात एकटी स्वतःची बोट हाकते. आणि एक दाढीवाला ब्राझीलचा माणूस, पावलो. प्रत्येकाची बोट वेगळी, देश वेगळा, पण बोटवाल्यांची आपसांत एक भावकी असते म्हणे. एका बंदरात शेजारी-शेजारी नांगर टाकला, एकमेकांची पोरं सांभाळली, एकमेकांचे पंप दुरुस्त केले, की झाली सोयरीक. पुढे वारा नेईल तिकडे जायचं, पण सुखदुःखाला धावायचं.

हे सगळं मिनूने मला घरी येताना गाडीत समजावलं. माझं लक्ष तिकडे नव्हतं. माझी सख्खी भाची, सात-आठ वर्षांची तारा, त्या न्यूझीलंडच्या बाईच्या मांडीवर बसून तिला "आजी" म्हणत होती आणि ब्राझीलवाल्याला "मामा". समोर सख्खी मावशी बसली होती, तिला मात्र "हॅलो". आमच्या खानदानात ब्राझीलचा मामा आजवर नव्हता. माझ्या डोक्यात जी भट्टी पेटली ती मूल गाव येईपर्यंत धगधगत होती.

घरात आल्यावर तीत भरच पडली. बोटीवर गोडं पाणी जपून वापरायची सवय, म्हणून मॅगीबाईंनी सकाळी सगळ्या घराची भांडी एका गंजभर पाण्यात घासली. आंघोळ दीड मगात. आमच्या शेजारणीने हे कुंपणावरून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की शोभाबाईने, म्हणजे मी, पाहुण्यांना पाणी मोजून दिलं. मी बादली भरून मॅगीबाईंपुढे आदळली आणि खुणेने म्हणाले, ओत. तिने मला मिठी मारली आणि त्या पाण्याने माझी सगळी झाडं शिंपली.

दुसरी सवय बांधायची. बोटीवर म्हणे न बांधलेली वस्तू वादळात माणसाच्या टाळक्यात बसते. तर तारा आणि तिचा मामा यांनी एका दुपारी माझा माठ तिवईला बांधला, सिलेंडर ओट्याच्या पायाला बांधला आणि रेणूच्या बाबांची मोटारसायकल कडुनिंबाला बांधली. ती गाठ कोणालाही सुटेना. पावलोमामा गाव पाहायला गेलेले. रेणूचे बाबा काही न बोलता पायी मिलमध्ये गेले. त्यांच्या वाटचं मी बोलले.

"मिनू, तुह्या घरच्यायले सांग, हे घर हाय. हे हालत नाई."

"सांगते ताई. पन ते प्रेमानं करून राह्यले."

"प्रेम मोटारसायकल सोडून करा म्हना."

जानराव तेवढा बरा होता. त्याला मराठी यायचं, पण बोटीपुरतं. वाऱ्यात दोघं मिळून शीड ओढताना मिनू जे शब्द ओरडते तेवढेच. धर, ओढ, बांध, सोड. आणि मिनूने काही सांगितलं की खात्री करायला तो उलट विचारायचा, "नक्की?" एवढ्या भांडवलावर त्याने आमच्या सगळ्या नातेवाइकांशी तासन्‌तास गप्पा मारल्या. माझ्या मावसभावाने तर त्याला बाबांचा जुना डोंगा दाखवायला तलावावर नेलं. तिथे तो, मॅगी आणि पावलो डोंग्याच्या लाकडावर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले म्हणे. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, जिवंतपणी बाबांना पाहायला यायचं होतं.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. ऊन असं, की कावळासुद्धा सावली बघून बसत होता. बिछायतवाल्याने गल्लीत मांडव घातला होता. चारी बाजूंनी पाइप, आणि वरचं मोठं कापड मधोमध उचलून त्याचा जाड दोर आमच्या गच्चीच्या कठड्यावरून खाली आणून जिन्याच्या खांबाला बांधलेला. दोन मोठे कुलर, चार स्पीकर, जनरेटर, आणि माईक. माईक माझ्याकडे. शाळेत पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन मीच करते, म्हणून इथेही मीच.

चामोर्शीचे पाहुणे आले. मुलाची आई, म्हणजे माझी होणारी विहीण, पहिल्या खुर्चीवर बसली. बाई तशी थोर, पण तिला कशानेच समाधान होत नव्हतं. शिरा खाल्ला तर साखर कमी. कुलर लावला तर केस उडतात, बंद केला तर उकडतं. "हे गोरे लोक कोन व्हय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "घरचेच." दुसरं काय सांगणार?

मुला-मुलीला पाटावर बसवलं, कुंकू लावायला घेतलं, आणि वावधन सुटलं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर अशी वादळी हवा अचानक उठते, आधी धूळ, मग पत्रे, मग पाऊस. मांडवाचं कापड फुगलं. पाइप कुरकुरायला लागले. आमच्या माणसांनी काय केलं, तर ताटांवर पदर आणि रुमाल धरले. बोटवाल्यांनी काय केलं, तर तिघंही एकदम उठले. त्यांचे चेहरेच बदलले. मॅगीबाईने वर बघून एक शब्द उच्चारला, पावलो पाइपांकडे धावला आणि जानरावाने जिन्याच्या खांबाची गाठ सोडून तो जाड दोर दोन्ही हातांत धरला.

नंतर मला कळलं की त्याचा बेत अगदी व्यवस्थित होता. वारा आला की शीड हळूहळू उतरवायचं. लोकांना बाहेर काढायचं, दोर हातहात ढिला करत कापड सावकाश खाली आणायचं. पण मला एवढंच दिसलं की ऐन कुंकवाच्या वेळी हा माणूस माझ्या मुलीचा मांडव सोडायला निघाला आहे. मी माईक घेऊनच धावले.

"जानराव, सोडा ते."

म्हणजे राहू द्या, हात लावू नका, सोडा त्याचा नाद.

जानरावाने माझ्याकडे पाहिलं. दोर त्याच्या हातात थरथरत होता. पायाशी एवढी माणसं बसलेली. त्याने अविश्वासाने विचारलं, "नक्की, ताई?"

"सोडा म्हन्ते ना!" मी माईकवर गरजले. सगळ्या वॉर्डाने ऐकलं.

वडीलधाऱ्या मेहुणीचा शब्द. त्याने सोडलं.

मांडव खाली आला. सगळाच आला. लाल-पिवळं कापड, झालरी, झेंडूच्या माळा, आणि त्याच्याखाली चामोर्शीचं अख्खं खानदान. पाइप पावलोने एकीकडे लोटून धरल्याने कोणाला लागलं नाही. पण पाऊसही कोसळला होता, आणि कापड एवढं मोठं आणि भिजून एवढं जड, की कोणाला बाहेर निघायला वाटच सापडेना. अंधारात लोक कापड डोक्यावर घेऊन इकडून तिकडे रांगत होते. कुठून तरी रेणूचे बाबा शांतपणे म्हणत होते, "बसून राहा, बसून राहा."

मी रांगत निघाले ती कोणाच्या तरी गुडघ्यावर आपटले. मिनूचा आवाज आला, "ताई, लागलं का?"

बस्स. तिथे, त्या कापडाखाली, माझी भट्टी फुटली.

"लागलं का म्हन्ते? नाक कापलं तुह्या घरच्यायनं माह्यं. आता मोडते हे साक्षगंध. आन् मोडलं तं मोडलं. ते इहीनबाई काई कमी नाई. शिऱ्यात साखर कमी, कुलरचा वारा जास्त. त्या बाईचं तोंड पायलं तं दूध नासते. पन ते परकी हाय. तू तं माह्यी होतीस ना? तुले म्या वाढवलं. बाबा गेले तवा कुठी होतीस तू? अख्खं गाव आलं. तू नाई आली."

माझा आवाज कसा तरी घुमत होता. मला वाटलं, रागाने घुमतो आहे.

मिनू हळूच म्हणाली, "समुद्राच्या मंधात होती मी. जमीनच नोती कोनत्या बाजूले, ताई. कुठून येऊ? किनाऱ्याले लागलो तवा फोन लागला, आन् तवा तू काय काय बोललीस ते आठव."

"मंग रडत बसाचं होतं तिथीच."

"बसली होती. बोटीच्या खालच्या खोलीत जाऊन पडली. खाल्लं नाई, कोनाशी बोलली नाई. जानले काई समजेना. तारा लहान. मंग हे मॅगी छोट्या होडीत बसून आली आन् माह्या उशाले बसली. ते काई बोलली नाई, फक्त बसली. आन् पावलोनं इचारलं, तुमच्याकडे मानूस गेल्यावर काय करते? मी म्हनलं, तेरवी. तं त्यानं केली."

"कोनं केली?"

"पावलोनं. वरन-भात, भाजी, वडे. उडदाची दाळ कुठून भेटन? त्यानं कोनत्या तरी शेंगाच्या दान्याचे वडे केले. लय घान झाले होते. आजूबाजूच्या सगळ्या बोटीवाले आले, कोन कुठच्या देशाचे. वाळूवर पंगत बसली. जाननं वाढलं. त्यायनं बाबाले कधी पायलं नोतं, पन एकेक जन उठून म्हने, बाबाची एखादी गोष्ट सांग. मी डोंग्याच्या सांगतल्या. बाबा जाळं कसं फेके ते उभं राहून दाखवलं."

वर कापडावर पाऊस वाजत होता.

"घास ठेवला कावळ्यासाठी," मिनू म्हणाली. "तिथी कावळा नोता. एक पांढरा पक्षी आला समुद्रावरचा, थो घेऊन गेला."

"बाबाले चालला असन," मी म्हणाले. "पक्ष्याचा रंग बाबा कवाच नाई पाहात."

मिनूला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. मी तिला जवळ ओढली तेव्हा माझ्या हातातला माईक तिच्या पाठीवर आपटला आणि गल्लीच्या चारी स्पीकरमधून धाडकन आवाज आला.

माईक चालू होता. जनरेटर चालू होता. सुरुवातीपासून.

कापड उचललं गेलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर सगळं साक्षगंध जिथल्या तिथे जमिनीवर बसलेलं. कोणीच उठलं नव्हतं. बायका डोळे पुसत होत्या. बिछायतवाला दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. पलीकडच्या गल्लीतला त्याचा दुसरा मांडव उडून विजेच्या तारांवर लटकला होता आणि हा मात्र धड होता, त्यामुळे शिव्या द्याव्या की पाया पडावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. आणि पहिल्या रांगेत माझी विहीण बसली होती. मॅगीबाईने तिच्या डोक्यावर शेवटपर्यंत स्टीलची परात धरली होती, अजूनही धरलेलीच होती.

विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शोभाबाई, शिऱ्यात साखर कमीच होती. थे मी आताई म्हनीन."

"हो जी," मी म्हणाले. जमीन दुभंगत नव्हती.

"आन् दुधाचं काय ते आपन मंग बोलू." मग त्यांनी मिनूकडे मान वळवली. "पोरी, भातावर तूप वाढलं होतं का त्या गोऱ्यानं?"

"वाढलं होतं जी. लोनी होतं, थे इतळवलं."

"मंग झाली तेरवी बराबर," विहीणबाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसून पावलोला म्हणाल्या, "बस भाऊ, इथी बस माह्यापाशी. जेवला का नाई?" पावलोला एक अक्षर कळलं नाही, पण तो बसला.

मांडव परत उभा राहिला तो त्या तिघांनी आणि चामोर्शीच्या पाव्हण्यांनी मिळून दोर ओढून. जानराव "ओढ, ओढ, धर" म्हणत होता आणि मुलाचा बाप, धोतर खोचून, ओढत होता. मला कोणी त्या दोराजवळ जाऊ दिलं नाही. माईक तर रेणूच्या बाबांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दोन वाक्यं बोलले. साक्षगंध झालं.

रात्री तारा माझ्या ताटात जेवली आणि मला "मावशी" म्हणाली. मी खूप प्रयत्न करूनही त्या दिवशी मला परत रागावता आलं नाही. पण एका दिवसाने काय होतं? सकाळी मिनू म्हणाली, "ताई, आता तूई आमच्या घरी ये," आणि मी लगेच तयारीला लागले. म्हटलं, त्या घरात जाऊन यांना एकदा नीट दाखवते, घर कसं ठेवायचं ते.

लग्न पार पडल्यावर मी आणि रेणूचे बाबा कोचीला गेलो. एका बाजूला मॅगीबाईंची बोट, दुसऱ्या बाजूला पावलोची, मधे मिनूची. मी पदर खोचून वर चढले. आतला संडास तपासला, फ्रीज उघडून पाहिला, डबे ठेवायची पद्धत चुकीची आहे हे सांगितलं, आणि बाहेर येऊन ताठ बसले. थोड्या वेळात आकाश एका बाजूला गेलं. मग दुसऱ्या बाजूला. कठडा दोन्ही हातांनी धरला तरी पोटातलं वर यायला लागलं, आणि आलं. रेणूचे बाबा शेजारी बसून तळलेला मासा खात होते. ते पाहून परत आलं. शेवटी मी उरल्यासुरल्या जिवाने ओरडले.

"जानराव, जराक हळू चालवा. एवढी कायची घाई करून राह्यले? लेकरू हाय बोटीवर."

जानराव खालच्या खोलीतून चहाचा कप घेऊन वर आला आणि गोंधळून मिनूकडे बघायला लागला. मिनूने पदराने माझं तोंड पुसलं, आणि मी लहानपणी तिला थोपटायची तसं मला थोपटत कानात म्हणाली,

"ताई, बोट अजून धक्क्यालेच बांधून हाय."